तीन जोड्यांवरची हळद

माझी बोटं आखूड आहेत. करंजीला मुरड घालायला उत्तम, पण मेंडोलिन वाजवायला साफ कुचकामी. तरी मी हट्टानं मेंडोलिनच घेतलं, कारण आमचे हे, रणजीतराव, म्हणाले होते, "पेटी शिक की, तुला जमण्यासारखी." वाशीच्या मार्केटात दिवसभर कांदा-बटाट्याचे भाव पुकारणाऱ्या माणसानं मला काय जमेल ते सांगावं, हे माझ्या डोक्यात गेलं. माझं डोकं लवकर तापतं, हे सेक्टरभर माहीत आहे.

शिकवायला बदरुद्दीन मास्तर होते. मूळचे उरणचे, गोदामातली नोकरी संपवून वाशीत तळमजल्यावर राहायला आलेले. ऐन उमेदीत पनवेलपासून अलिबागपर्यंत लग्नाच्या ऑर्केस्ट्रात त्यांचं मेंडोलिन वाजलेलं. आता ते हिरव्या खोळीत खिळ्याला टांगलेलं असायचं आणि मास्तर नुसते तोंडानं शिकवायचे. "उस्तादानं वाजवला की चेला बघत बसतो," असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं. आमच्या घरी मी स्वयंपाक करताना सगळे बघतच बसतात.

मेंडोलिनला आठ तारा, पण त्या दोन-दोनच्या जोडीनं, म्हणजे चार जोड्या. मास्तरांचा कायदा एकच: चार जोड्या, चार बोटं. कॉर्ड धरायची तर पुरी धरायची. पांढऱ्या पट्टीत माझं भागायचं. तिथं काही तारा मोकळ्या सोडल्या तरी चालतात, दोन बोटांत कॉर्ड होते. पण मास्तर हट्टानं काळी चार घेऊन बसायचे. पेटीची ही चौथी काळी पट्टी. तिच्यात मोकळी तार एकही कामाला येत नाही. पहिलं बोट तिसऱ्या पडद्यावर आणि करंगळी थेट आठव्यावर, जाड तारेवर. माझी करंगळी सहाव्या पडद्याशी पोचायची आणि तिथूनच नमस्कार करायची.

शेवटी मी घरच्या घरी तोडगा काढला. जाड जोडीला हातच लावायचा नाही. उरलेल्या तीन जोड्या तीन बोटांनी धरायच्या, झालं! रणजीतरावांना ऐकवलं. ते म्हणाले, "आता जरा गाणं वाटतंय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्यनारायणाचा प्रसादच.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत मास्तरांपुढे वाजवलं. मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले होते. वळलेसुद्धा नाहीत.

"मंजुषाबाय, करंगळी कुठं हाय?"

"आहे की. माझ्याच हाताला."

"जाड तार बोलत नाय. पळवाट काढली तुमी."

"पळवाट नाही मास्तर, जवळची वाट. सूर बरोबर आहेत ना?"

"सूर बरोबर, पन कॉर्ड लंगडी. मेहनत नको, फक्त टाळ्या पायजेत तुमाला."

हे लागलं मला. महिनाभर बोटांना फोड येईपर्यंत मी घासलं होतं. मेहनत नको? माझी जीभ सुटली. "एवढं सोपं आहे तर तुम्ही धरून दाखवा ना! मी तर तुम्हाला एकदाही वाजवताना पाहिलं नाही."

स्वयंपाकघरातून सईदाचाची, मास्तरांच्या बायको, ओल्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. मास्तर उठले. खोळ काढली, मेंडोलिन मांडीवर घेतलं, तारा लावल्या आणि काळी चार धरली. तीन बोटं आपापल्या जागी अशी बसली की बघत राहावं. करंगळी मात्र वाकडीच राहिली. त्यांनी ती उजव्या हातानं धरून तारेपर्यंत ओढली. सोडली तशी ती परत आकसली. जाड तार नुसतीच थडथडली.

माझं तोंड कुठं लपवू असं झालं मला.

"दोन वर्षं झाली," चाची म्हणाल्या. "सांधा धरलाय. डॉक्टर म्हनतो, आता असाच रहाणार. कोनाला सांगू देत नाहीत. आणि पुढच्या जुम्याला शायमाची हळद हाय."

शायमा म्हणजे त्यांची धाकटी लेक. चाचींनीच मग सगळं सांगितलं. त्यांच्या घरात हळदीचं पहिलं गाणं बापाच्या वाजवण्यावर उठतं. उरणच्या घरी बायका मांडवात बसतात, मास्तर उंबऱ्यावर बसतात, ते वाजवायला लागले की बायका गातात आणि मगच मुलीला हळद लागते. थोरल्या खैरुनला तशीच लागली. बायकांचा गळा काळी चारचा, म्हणून मास्तर त्या पट्टीला सोडत नव्हते. आता ते म्हणत होते, टेपरेकॉर्डर लावा. आणि शायमा म्हणत होती, अब्बा वाजवणार नसतील तर मला हळदच नको.

"मग तीन जोड्यांवर वाजवा की," मी म्हटलं.

"नाय."

"बरं, तारा उतरवून घ्या. मग मोकळ्या तारांवर भागेल, करंगळी लागणार नाही."

"ढिल्या तारा खरखरतात."

"बायकांना पट्टी बदलायला सांगा."

चाची हसल्या. "वीस बायका हायेत, बाय. तूच सांग जाऊन."

मास्तरांनी मेंडोलिन बाजूला ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोरलीला चार जोड्या वाजवल्या. धाकटीला तीन वाजवू? बापानं मुलींत फरक केला, असा होईल. त्यापेक्षा नकोच."

इतके दिवस मी ह्या माणसाला आडमुठा समजत होते. तो आडमुठा होताच, पण लेकीच्या वाट्यातलं रतीभर कमी होऊ नये म्हणून. मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी हुकूम सोडते.

"चाची, तुम्ही गा. मी वाजवते."

चाचींनी पदराला हात पुसले आणि दारातच हळदीचं गाणं धरलं. मी तीन बोटांची लंगडी कॉर्ड घेऊन त्यांच्यामागे निघाले. दोनदा चुकले, एकदा चुकून जाड तारेला नखी लागली आणि ती भलतीच ओरडली. मास्तरांनी डोळे मिटले होते. गाणं संपल्यावर ते उघडले, माझ्या हाताकडे पाहिलं. मग मेंडोलिन परत मांडीवर घेतलं.

"ती मोकळी सोडलीत म्हनून वरडली," ते म्हणाले. "अंगठा वरून असा टेकवायचा, म्हनजे गप बसते. बघा."

मी बघितलं. त्या दिवशी कोण कोणाला शिकवत होतं, ते चाचींनाच ठाऊक.

जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, मी आणि हे बसनं उरणला गेलो. रणजीतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटेत तीनदा विचारलं, "मास्तर वाजवतील ना गं?" मला कुठं माहीत होतं! मांडवात पोचलो तर शायमा पिवळ्या ओढणीत पाटावर, बायका भोवती, हळदीची वाटी भरलेली, आणि उंबरा रिकामा. शायमाची नजर सारखी तिकडे. कुणीतरी टेपरेकॉर्डर आणून ठेवला होता. एका मावशीनं बटणाकडे हात नेला, तो मी सरळ धरला. ओळख ना पाळख, पण धरला.

मास्तर आले. पांढरा झब्बा, हातात मेंडोलिन. उंबऱ्यावर बसले, वाकडी करंगळी झब्ब्याच्या बाहीत दडवली, मग स्वतःच बाहेर काढली आणि सुरू केलं.

तीन जोड्या होत्या. जाड तार गप्प होती. त्या हलक्या आवाजावर बायकांनी गाणं उचललं आणि शब्दन् शब्द मांडवाबाहेर विहिरीपर्यंत ऐकू गेला. चाचींनी शायमाच्या गालाला हळद लावली. शायमा रडत होती, हसत होती, नाकातून काय काय चाललं होतं. मास्तरांचं लक्ष मात्र खैरुनकडे. फरक थोरलीलाच कळणार, ही त्यांची भीती.

आणि कळलाच. गाणं संपल्यावर खैरुन, दोन मुलांची आई, कमरेवर हात ठेवून बापासमोर येऊन उभी राहिली.

"अब्बा, माझ्या हळदीला असं का नाय वाजवलंत?"

मास्तरांचा चेहरा पडला. "असं म्हनजे कसं?"

"तवा तुमचा बाजा एवढा दणकला, अम्मीचं गाणं मला ऐकूच आलं नाय. आज पयल्यांदा ऐकलं मी सगळं. धाकटी लाडकी ना तुमची!"

मास्तरांनी वाकड्या करंगळीनंच डोळे पुसले. "बस तिथं," ते म्हणाले.

खैरुन फतकल मारून शायमाच्या शेजारी पाटावर बसली, लग्नाला सात वर्षं झालेली बाई. शायमानं आपल्या गालावरची हळद बोटानं काढून बहिणीच्या गालाला लावली, आणि मास्तरांनी तेच गाणं पहिल्यापासून पुन्हा वाजवलं.