सूची नसलेला नकाशा

बाबा जानेवारीत गेले, झोपेत, हृदय बंद पडून. अपघात त्याच्या तीन महिने आधीचा, ऑक्टोबरातला. दोन्हींचा संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले आणि मी ते मानलं. अपघाताचा दावा मात्र अजून चालू होता. बाबांच्या मागे राहिलेल्या कामांपैकी तेवढं एकच मला अजिबात कळत नव्हतं, म्हणून मी ते हाती घेतलं.

त्यांची गाडी बारा वर्षांची. विमा फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरता. आपल्या गाडीची भरपाई मागायची तर ती धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीकडे. धडक एका पिकअपने दिली होती, बोरीजवळच्या आतल्या रस्त्यावर. पिकअपच्या कंपनीचं उत्तर तीन ओळींचं होतं. पंचनाम्यातल्या नकाशाप्रमाणे मोटार चुकीच्या बाजूला होती, सबब चूक मोटारचालकाची. मोटारचालक म्हणजे दत्तराव, माझे वडील, छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेले.

परभणीतल्या वकील राजेश्रीताईंनी मला समजावलं. माणूस गेला तरी गाडीच्या नुकसानीचा दावा वारसाला पुढे नेता येतो, पण पंचनामा आपल्या विरुद्ध आहे. महिनाअखेरपर्यंत नवा पुरावा आणा, नाही तर दावा मागे घ्या. मला भरपाईचं फारसं नव्हतं. बाबा चुकीच्या बाजूला होते की नव्हते, हे मला हवं होतं.

त्याला कारण होतं. अपघातानंतर बाबा एकच वाक्य बोलले होते, "मी माझ्या बाजूला होतो." मग पिकअप अंगावर कशी आली, असं मी विचारलं तर म्हणाले, "आली." दवाखान्यात त्यांच्या मनगटाला प्लास्टर चढत असताना मी त्यांना म्हणाले होते, "बाबा, होतं असं या वयात." त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं आणि चहा मिळेल का, असं विचारलं. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

मार्चमध्ये त्यांचे कागद लावताना डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काढलेला नकाशा सापडला. डाव्या हाताने काढलेला, कारण उजवा प्लास्टरमध्ये होता. तरी रेघा सरळ होत्या. उत्तर दिशेचा बाण, रस्ता, एका कडेला कालव्याची चारी, दुसऱ्या कडेला विजेचा खांब, त्याचा नंबरसुद्धा. थोडं पुढे लिंबाचं झाड. गाडी चारीच्या बाजूला, म्हणजे बाबांच्या स्वतःच्या बाजूला. पोलिसांच्या नकाशात ती खांबाच्या बाजूला होती. इतपत मला कळलं. पण खांबाच्या बाजूचा अर्धा रस्ता बाबांनी बारीक ठिपक्यांनी भरला होता, आणि ते ठिपके कशाचे हे कुठेच लिहिलं नव्हतं. खालच्या उजव्या कोपऱ्यात खुणांच्या सूचीची चौकट होती. चौकट रिकामी होती.

सूची नसेल तर नकाशा म्हणजे नुसतं चित्र, असं म्हणून बाबा दहापैकी दोन गुण कापत. सहावीत माझेही कापले होते. त्या माणसाने ठिपके काढावेत आणि सूची रिकामी ठेवावी, याचा अर्थ मला लागेना. दोन दिवस मी तो कागद पर्समध्ये घेऊन फिरले. वाळू असेल, खडी असेल, काम चालू असेल. पण मग लिहायला काय हरकत होती?

गाडी भुजंगच्या गॅरेजात उभी होती. मी त्याला विचारलं, गाडी आली तेव्हा काही वेगळं दिसलं होतं का. भुजंग बाबांचा विद्यार्थी. त्याने हात पुसले आणि विचारलं, सरांनी निवृत्तीनंतर शेती घेतली होती का. आम्हाला शेत नाही, मी म्हणाले. मग बोनेटच्या फटीत मूठभर सोयाबीन कशाला होतं, असं तो म्हणाला. सुगीत सगळ्याच गाड्यांना चिकटत असेल, असं मला वाटलं. त्याने मान हलवली. सोयाबीनवरून गाडी नेली तर ते चाकाच्या वर, खालच्या पत्र्यात सापडतं. तिथं एक दाणा नव्हता. जे होतं ते वायपरखाली आणि बोनेटच्या फटीत, म्हणजे समोरून उडून आलेलं.

त्या रविवारी मी एसटीने बोरीला गेले आणि पुढे जीपने. खांबाचा नंबर सांगून जीपवाल्याला थांबवलं तेव्हा त्याने माझ्याकडे संशयानेच पाहिलं. खांब होता. चारी होती, कमरेइतकी खोल. लिंब होता. बाबांचा नकाशा पायांखाली उलगडल्यासारखा वाटला. फक्त रस्त्यावर ठिपके नव्हते. खांबाच्या मागच्या शेतात एक बाई हरभरा वाळत घालत होत्या, ताडपत्रीवर, बांधाच्या आत.

ऑक्टोबरात इथं मोटारीचा अपघात झाला होता का, असं मी विचारलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या महिन्यात त्या लेकीकडे होत्या. मग त्यांनी विचारलं कुठल्या गावच्या. परभणीच्या, अपघात झालेल्या सरांची मुलगी संघप्रिया, मी म्हणाले. त्यांचा हात ताडपत्रीवर थांबला.

"प्लास्टर निघालं का सरांचं?"

सर जानेवारीत गेले, मी सांगितलं. त्यांनी शेताच्या टोकाला हाक मारली आणि त्यांचे मालक आले, आश्रुबा. बाईंचं नाव नर्मदाबाई. आश्रुबांनी मला पाणी दिलं, मग हरभऱ्याच्या घाट्यांबद्दल बोलले, मग उन्हाबद्दल. ते थांबले तेव्हा मी नकाशा त्यांच्यापुढे धरला.

ते बोट फिरवत गेले. "ही चारी. ह्यो खांब. लिंब बी काढला की. लय बारीक काम हाय सरांचं." बोट ठिपक्यांवर आलं आणि थांबलं. "इथं काय लिहिलंय?"

काही नाही, मी म्हणाले.

"कुटंच न्हाई?"

"कुठंच नाही."

ते बायकोकडे बघून म्हणाले, "शब्दाला जागले बघ."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खांबाच्या बाजूच्या अर्ध्या रस्त्यावर त्यांचं सोयाबीन वाळत होतं, कडेने दगड मांडलेले. बाबा परभणीकडे परतत होते. समोरून पिकअप येताना पाहून ते चारीच्या कडेला, आपल्या बाजूला, गाडी थांबवून उभे राहिले. पिकअपवाल्याला दगड उशिरा दिसले. त्याने गाडी वळवली, मागचं चाक सोयाबीनवरून गेलं, दाणे उडाले, आणि पिकअप बाबांच्या गाडीवर आली. या दोघांनी बाबांना बाहेर काढून लिंबाखाली बसवलं. तोवर दोन्हीकडे गाड्या लागल्या, एसटी हॉर्न द्यायला लागली. चारीकडे गाडी ढकलता येत नव्हती, आत गेली असती. म्हणून पाच-सहा जणांनी मिळून आधी सोयाबीन झाडून पोत्यात भरलं आणि मोकळ्या झालेल्या बाजूला गाडी ढकलली. पोलीस तासाभराने आले. गाडी तेव्हा जिथं होती तिथंच त्यांनी नकाशात दाखवली.

"आन् मी गप बसलो," आश्रुबा म्हणाले. रस्त्यावर धान टाकणाऱ्यांवर केस करणार म्हणून त्या वर्षी गावोगाव बोलणं होतं. हातात झाडू घेऊन ते उभे होते तेव्हा लिंबाखालून बाबांनी त्यांना बोलावलं. मनगट पंच्यात बांधलेलं. म्हणाले, सोयाबीनचं मी कुठं बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. मग पायाशी पडलेला एक दाणा उचलून विचारलं, वाण कोणता, किती दिवसांत येतो.

हे ऐकताना मला हसू आलं. दुसरं कुणी विचारलं नसतं.

तर बाबांनी शब्द दिला होता. आणि नंतर डाव्या हाताने नकाशा काढताना ते सोयाबीन वगळू शकले नव्हते. नाव न घालणं त्यांना जमलं, खोटा नकाशा काढणं जमलं नाही.

नर्मदाबाई घरातून एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत काचेचे तुकडे होते, काही पिवळे, इंडिकेटरचे. दोन दिवस सोयाबीन चाळून त्यांनी ते काढले होते. फेकले तर बैलाच्या पायात जातील म्हणून ठेवले, आणि कुणीतरी विचारायला येईल असंही वाटलं होतं.

मी त्यांना दाव्याचं सांगितलं. गाडी तुम्ही ढकलली एवढं कुणी सांगितलं तरी पुरेल. पण पिकअप का वळली, असं समोरचा वकील विचारणारच, आणि तेव्हा सोयाबीनचं सांगावं लागेल. त्यापुढे काय होईल ते मला माहीत नाही. या, असं मी म्हणाले नाही. राजेश्रीताईंचा पत्ता तेवढा ठेवला.

"बघू," आश्रुबा म्हणाले. आमच्याकडे बघूचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो.

परतीच्या जीपमध्ये मी ठरवलं, दावा मागे घ्यायचा. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि बाबांचा शब्द मोडून मिळणारं काही मला नको होतं.

शुक्रवारी सही करायला गेले तर राजेश्रीताईंच्या ऑफिसच्या बाकावर दोघं बसलेले. नर्मदाबाईंच्या मांडीवर डबा. सकाळच्या पहिल्या गाडीने आले होते.

"पाच महिने झाले, ह्यांना झोप न्हाई," नर्मदाबाई मला म्हणाल्या. "आन् स्वतः जागतात तर मला बी झोपू देईनात. म्हणलं चला, एकदाचं सांगून या."

राजेश्रीताईंनी जबाब लिहायला घेतला. गाडी कुठून कुठं ढकलली, किती जण होते, पोलीस किती वेळाने आले. आश्रुबा नीट सांगत गेले. मग ताईंनी नकाशाची झेरॉक्स पुढे ओढली आणि ठिपक्यांवर पेन ठेवलं. हे काय आहे, त्यांनी विचारलं.

त्याला सूची नाही, मी म्हणाले. ते सोडून दिलं तरी चालेल.

आश्रुबांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, शब्द सरांनी दिला हुता. म्या नुस्ता घेतला." मग ते ताईंकडे वळले. "लिवा मॅडम. सोयाबीन हाय ते. माजं."

ताईंनी लिहिलं. समोरचा वकील यावरून तुम्हालाही ओढेल, असं त्यांनी आश्रुबांना स्पष्ट सांगितलं. आश्रुबा म्हणाले, ओढू द्या. सही मात्र त्यांनी फार सावकाश केली.

मग ताईंनी झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. ठिपके कशाचे ते कोपऱ्यात लिहून टाका, म्हणाल्या. मी त्या रिकाम्या चौकटीत तीन ठिपके काढले आणि त्यापुढे सोयाबीन असं लिहिलं. चौकट त्यानेच भरली. बाबांनी ती एका ओळीपुरतीच आखली होती.