शांत पाण्यातली कालवं

नळी चिखलात रुतवताना छोटीच्या मनगटाला हिसका बसला, तरी तिनं ती आणखी खोल दाबली. कंबरभर पाण्यात, कालवं टांगलेल्या बांबूच्या मांडवांमधल्या चिंचोळ्या वाटेत ती उभी होती. याच जागेतून तिनं आधी दोनदा तपासणीसाठी चिखल नेला होता. ती काम करायची त्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी पुन्हा जायला सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच राहवलं नव्हतं.

मांडव दादाचे होते. पूर्वी तो खाडीच्या तोंडाशी कालवं वाढवायचा. भरतीच्या ओढीत एक बांबू निसटून त्याच्या गुडघ्यावर बसला, तेव्हापासून त्यानं सगळं या आतल्या, शांत पाण्यात आणलं. त्याचं बघून शेजारची काही घरंही आली. चहाच्या टपरीवर तो ज्याला त्याला सांगायचा, की आमची कालवं खाडी साफ करतात, माझी सख्खी बहीणच तपासते.

ते काही अगदी खोटं नव्हतं. कालवं पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातात. त्यांची विष्ठा तळाशी बसते आणि चिखलातले जीवाणू तिच्यातल्या नायट्रोजनचा वायू करून हवेत सोडून देतात. खाडीच्या तोंडाशी हे झकास चाललं होतं. पण आत पाणी हलत नव्हतं. विष्ठेचा थर साचून चिखलातला प्राणवायू संपला होता. जीवाणूंचं ते काम थांबलं होतं आणि नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यातच परतत होता. त्यावर शेवाळ नुसतं माजत होतं.

तिसऱ्या खेपेचा चिखलही काजळासारखा काळा निघाला. प्रयोगशाळेतल्या यंत्रानंही तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, परवा गावाच्या बैठकीत हे मांडायचंय, भावाला आधी सांगायचं असेल तर सांगून टाका.

संध्याकाळी ती दादाच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली. दुकानातून नको असलेला साबण घेतला. पुन्हा निघाली. दादा जेवत होता, वहिनी वाढत होती. बसायलाही न थांबता तिनं सांगून टाकलं.

"दादा, तुझ्या मांडवांखाली पाणी साफ होत नाहीये. उलट बिघडतंय."

त्याचा हात ताटातच राहिला. यंत्र चुकलं असेल, असं तो म्हणाला. म्हणूनच तिसऱ्यांदा चिखल नेला, असं ती म्हणाली. वहिनीनं भांडं खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, की आकडे तुझ्याच हातात असतात ना, थोडं इकडचं तिकडं नाही का होणार?

"तिला ते विचारू नकोस," दादा म्हणाला.

मग त्यानं एवढंच विचारलं, की मांडव काढले तर तळ सुधारेल का. बहुतेक सुधारेल, पण वेळ लागेल, असं तिनं सांगितलं. तो ताटावरून उठला.

बैठकीत छोटीला एका जागी बसवेना. ती भिंतीला टेकून उभी राहिली, मग दाराशी गेली, परत आली. बाईंनी सगळं सोपं करून सांगितलं, कुणाचंही नाव घेतलं नाही. मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं, मांडव नेमके कुणाचे ते तरी कळू द्या. छोटी जमिनीकडे बघत राहिली.

दादा खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"माझे. बाकीच्यांना आत मीच बोलावलं. आधी माझे निघतील."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो दोऱ्या सोडत होता. खाडीच्या तोंडाशी कालवं वाढवणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं दादाची कालवं आपल्याकडे नेऊन जगवायचं कबूल केलं होतं. छोटी पाण्यात उतरली. मांडवाचं एक टोक त्यानं तिच्याकडे सरकवलं. दोघांनी मिळून एकेक मांडव होडीत चढवला.

भरलेली होडी वळणाआड गेली. दादा मोकळ्या पाण्याकडे बघत क्षणभर थांबला. मग वाकला, पाण्याखाली हातानं चाचपून मांडवाचा मागे राहिलेला एक खुंटा शोधला आणि तो हलवून हलवून सैल करू लागला.