तराफ्यावरचं दारूकाम

जत्रेतलं शोभेचं दारूकाम धरणाच्या पाण्यातून उडवायची कल्पना माझी, म्हणजे जत्रा कमिटीच्या अध्यक्षाची, जालिंदरची. गेल्या वर्षी एका ठिणगीनं नागप्पाची कडब्याची गंजी जळाली आणि तेव्हापासून तो मला चावडीवर टोचत राहिला. शेवटी चिडून मी चारचौघांत बोललो, "यंदा गावात एक जरी ठिणगी पडली, तर मिशी उतरवीन." ही मिशी मी वीस वर्षं तूप लावून वाढवलेली. पण राग आला की माझी जीभ मला विचारत नाही.

उजनीकाठी आमच्या पाण्याच्या मोटारी पिंपांच्या तराफ्यावर तरंगतात. मी माझाच तराफा दिला. पाइप सोडवला, विजेची केबल मात्र कंटाळा करून तशीच ठेवली. त्यावर दारूच्या चाळीस नळ्या बांधल्या, तराफा आत ढकलून त्यांची तोंडं पलीकडच्या काठाकडं केली. दिवेलागणीला कमिटीतला दिपक होडीतून जाऊन वात पेटवून आला. पहिली चार फुलं अशी फुलली, की मी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात थ्री फेजची लाईट आली.

लाईट येताच मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून आम्ही प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो बसवलाय. तो बंद करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मोटारीनं पाण्याचा झोत सोडला, तराफा गर्रकन फिरला आणि उरलेल्या छत्तीस नळ्यांनी गावाकडं तोंड केलं.

मीनाबाईच्या हॉटेलाच्या पत्र्याला भोकं पडली. प्रतिक्षाच्या ब्युटी पार्लरचा बोर्ड जळाला. एक बाण गुंडा न्हाव्याच्या दुकानात शिरून आरसा फोडून गेला. माझ्या घराची तर निम्मी कौलं गेली. माणसं बाजेखाली शिरली म्हणून कुणाला खरचटलं नाही. नागप्पाची गंजी तेवढी शाबूत. माझ्यावर भरवसा नसल्यानं त्यानं ती ओल्या ताडपत्रीनं झाकली होती.

सकाळी तलाठी पंचनाम्याला आले. फॉर्म उलटा-सुलटा करून म्हणाले, "ह्यात पूर, गारपीट, वीज पडणे एवढंच आहे. आरमाराचा रकाना नाही."

नागप्पानं मला दंडाला धरून गुंडाच्या खुर्चीत बसवलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. शेवटचा उपाय म्हणून मी म्हणालो, "आरसा फुटलाय. मला दिसणार कसं?"

गुंडानं वस्तरा परजला.

"तुमाला कशाला दिसाय पायजे, अध्यक्ष?" नागप्पा म्हणाला. "गावाला दिसलं म्हंजे झालं की."