साल तेवढं खरं

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. मी ना लाकडाचा, ना लोखंडाचा. संगणकात माहिती भरायची तर आधी एक नियमावली लिहावी लागते. या रकान्यात नाव, त्या रकान्यात आकडा, पलीकडे तारीख. तिला स्कीमा म्हणतात. कुठल्या रकान्यात काय शिरू द्यायचं याची राखण आम्ही डेटा प्रकार करतो. एक्सएमएल ही माहिती लिहून ठेवायची एक संगणकी भाषा, तिच्या घरात आम्ही चव्वेचाळीस भावंडं, आणि त्यातला मी जी-इयर. मी फक्त वर्ष घेतो, तेही चार आकडी. नुसतं '४८' लिहून दामटायला बघाल तर दारातूनच परत पाठवीन. दिवस आणि महिना मला चालत नाहीत, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

माझा जन्म २००१ सालचा. नियमावली रचणाऱ्या जाणत्या मंडळींना ठाऊक होतं, की जगातल्या सगळ्याच गोष्टींची पुरती तारीख कुणाला माहीत नसते. म्हणून त्यांनी मला मुद्दाम घडवलं. पण पुढे काय झालं? जो उठला तो माझ्या भावाकडे, डेटकडे धावला. दिवस, महिना, वर्ष, सगळं कसं भरगच्च! माझ्या वाट्याला गाडीच्या मॉडेलचं नाहीतर पुस्तकाच्या आवृत्तीचं साल. वर्षानुवर्षं मी यादीत पडून होतो आणि नवे प्रोग्रॅमर मला पाहून विचारत, "हे कशाला ठेवलंय?"

डेटचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. तीस फेब्रुवारी आली की तो तिला हाकलून देतो, म्हणून लोक त्याला फार कडक समजतात. पण कुणी मनाने ठोकून दिलेली एक जून आली, की मुकाट आत घेतो. आपल्याकडे तर एक जूनचा सुकाळच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला त्याच दिवशी जन्माला घातलंय.

कुंभार पिंपळगावच्या उषाबाई तर शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. गेल्या वर्षी एका संस्थेच्या शिबिरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. गावात नाव नोंदवणाऱ्याने जन्मतारीख टाकली एक जून १९४८. पंधरा दिवसांनी त्या ऑपरेशनसाठी जालन्याला गेल्या, तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने टाकली एक जानेवारी १९४८. दोन्ही तारखा मनच्या. डेटने दोन्ही गिळल्या, आणि संगणक म्हणाला, ही बाई ती नव्हे. उषाबाईंना आल्या पावली परत धाडलं. नवा नंबर लागेपर्यंत मोतीबिंदू पिकून डावा डोळा कायमचा गेला.

यंदा संस्थेची स्वयंसेविका संध्या मोबाईल घेऊन पुन्हा त्यांच्या दारात आली.

"आजी, जन्मतारीख सांगा. न्हाईतर मी एक जून टाकते."

"न्हाई टाकायची," उषाबाई म्हणाल्या. "निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या साली झाले मी, अठ्ठेचाळीसला. एवढं माय सांगायची. दिवस तिलाबी म्हाईत नव्हता."

"पण तारखेबिगर फॉर्म पुढं जातच न्हाई. गुरुवारी गाडी येऊन राह्यली, आजी."

"मंग जाऊ दे गाडी. खोट्या तारखेनं एक डोळा नेला माझा. दुसरा मी देणार न्हाई."

संध्याने तिथूनच जालन्याला फोन लावला. शिबिराचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या छोट्या ऑफिसात कल्याणी नावाची प्रोग्रॅमर आहे. तिने उषाबाईंच्या गेल्या वर्षीच्या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी उघडल्या आणि तारखा ताडून पाहिल्या. मग तिने जन्माचा रकाना बदलायला घेतला, तेवढ्यात तिचे साहेब केशवराव मागे येऊन उभे राहिले.

"कशाला डोकं लावून राह्यली? एक जून टाक अन् मोकळी हो."

"सर, तेच तर केलं होतं आपण. त्यानंच बाईंचा डोळा गेला."

"अन् रिपोर्टात नुसतं साल? अर्धवट दिसंल ते."

"अर्धवट दिसू द्या, खोटं तर न्हाई ना? मी तारीख बिलकुल टाकणार न्हाई, सर."

शिबिर अडलं तर जबाबदारी तुझी, असं बजावून केशवराव तावातावाने निघून गेले. कल्याणीने डेटचं नाव पुसलं आणि तिथे माझं लिहिलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी माणसाच्या जन्मासाठी बोलावलं. ऊर भरून आला म्हणालो तर हसाल, पण आला. जुन्या नोंदींवरचे मनचे दिवस-महिनेही तिने काढून टाकले. १९४८ आणि १९४८. उषाबाईंच्या दोन्ही नोंदी तेव्हा कुठे एकमेकींना जुळल्या.

संध्याच्या मोबाईलवर फॉर्म पुढे सरकला आणि गुरुवारी उषाबाई गाडीत बसल्या. जालन्याला दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने सवयीने तारीख विचारली. "साल घ्या, तेवढंच हाय," त्या म्हणाल्या. त्याने १९४८ भरलं आणि यावेळी त्यांना आत सोडलं.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं धरून विचारलं, किती? उषाबाईंनी टक लावून पाहिलं.

"तीन. चौथं असंल तर ते मला दिसून न्हाई राह्यलं. उगं कसं सांगू?"

तीनच होती.

पुढच्या वर्षी केशवरावांना रकान्यात डेटला परत आणायचंय, असं माझ्या कानावर आलंय. मी कुणाच्या विनवण्या करणार नाही. तुम्हाला मात्र एक सांगतो. उद्या तुमच्याही हाती लोकांचे फॉर्म येतील. समोरच्याला जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहा आणि बाकीची जागा कोरी राहू द्या. ज्याला माझ्या जागी डेटला बसवायचंय त्याने खुशाल बसवावं. फक्त आधी कुंभार पिंपळगावला जाऊन उषाबाईंना त्यांची तारीख विचारून यावं.