उभ्या पायाचं माप

मी एक जुनी गादी आहे. नाही मित्रांनो, जिच्यावर तुम्ही लोळता आणि आईची नजर चुकवून उड्या मारता, ती मी नव्हे. माझी लांबी एक वीत आणि वर चार बोटं. मी बुटाच्या आत, तळपायाखाली राहायचे. खालून बूच, वरून मऊ चामडं आणि मधोमध आतल्या बाजूला एक उंचवटा. तो उंचवटा हेच माझं सगळं शहाणपण. मी उजव्या पायाची. डाव्या पायाची माझी बहीण शेजारच्या बुटात असायची. आम्ही कधी एका घरात राहिलो नाही, पण दिवसभर एकमेकींच्या मागेपुढे करत जन्म काढला. अंधार होता, घाम होता, वासाचं तर विचारूच नका. तरी सांगते, माझे दिवस मजेत गेले.

माझे काका, म्हणजे ज्यांच्या पायाखाली मी असायचे ते, केस कापायचे. दोन खुर्च्या, दोन आरसे एवढंच त्यांचं दुकान. एक खुर्ची काकांची, दुसरी त्यांच्या लेकीची. काका एकतीस वर्षं त्या खुर्चीभोवती उभे होते. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचे नाहीत. कारागीर बसलेला दिसला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, असं त्यांचं म्हणणं. मी जन्मायच्या आधी त्यांच्या पायात पातळ, सपाट चप्पल असायची. दुपार झाली की उजवा घोटा आतल्या बाजूने सुजायचा. मग काका डाव्या पायावर भार टाकून बगळ्यासारखे उभे राहायचे. मलम झालं, पट्टी झाली, गरम पाणी झालं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, जरा मुरगळलाय." सहा महिने तो पाय जराच मुरगळलेला होता.

एक दिवस ऐन कामात घोट्यातून कळ आली, हात हलला आणि एका निवृत्त मास्तरांच्या कानामागे केसांत चांगला खड्डा पडला. मास्तर सज्जन होते. "वारा खेळता राहील," म्हणाले आणि हसले. काकांना मात्र हसू आलं नाही. दुकान बंद करताना लेक म्हणाली, "बाबा, स्पष्ट बोलते. महिनाभरात पाय बरा झाला नाही तर खुर्ची सोडायची. दोन्ही खुर्च्या मी बघेन. पडलात-बिडलात तर काय करू मी?"

काका नुसतं "बरं" म्हणाले. पण कात्री सोडून दिवसभर करायचं काय, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी घोटा दाबून पाहिला, मग काकांना अनवाणी उभं करून पाठीमागून बघितलं. "काका, रडतोय घोटा, पण मारतोय तळवा," त्या म्हणाल्या. "तळव्याची कमान बसलीय. उभे राहिलात की पाय आत कलतो आणि ताण सगळा घोट्यावर येतो. चप्पल सोडा. टाच घट्ट धरणारे बूट घ्या, आत आधाराची गादी करून घ्या. आणि रोज भिंतीला हात टेकून टाचा वरखाली करा." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं सहा महिने सगळं मलम बिचाऱ्या घोट्याला लागलं होतं.

काकांच्या शेजारच्याच दुकानात त्यांचा जुना दोस्त बूट शिवायचा. तोच माझा जन्मदाता. तो कागद-पेन्सिल घेऊन माप घ्यायला आला, आणि इथेच घोटाळा झाला. काकांच्या दुकानात माणूस आला की पहिली त्याला खुर्ची, हा तिथला रिवाज. दोस्त म्हणाला, "एकतीस वर्षं लोकांना बसवलंस, आज तू गिऱ्हाईक. बस." काका राजासारखे आपल्याच खुर्चीत बसले. दोस्ताने गुडघे टेकून पायाचं चित्र काढलं, तळव्याची कमान बोटांनी चाचपली आणि त्या मापावर मला घडवलं. मी काय देखणी झाले होते म्हणून सांगू. चामडं चकचकीत, उंचवटा चांगला नाकासारखा वर.

पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. काका बुटात खडा गेल्यासारखे चालू लागले. घोटा तर दुखतच होता, आता तळवाही ओरडायला लागला. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना काढून तुटक्या फण्यांच्या खणात टाकलं. मला फार लागलं ते. ज्याच्यासाठी जन्माला आले त्यालाच मी टोचत होते. दोस्तही चिडला. म्हणाला, "माप बरोबर आहे. तुझा पायच वाकडा." दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. महिन्यातले बारा दिवस गेले होते.

एका सकाळी कुरळ्या केसांची एक मुलगी आली. केस ओले होते आणि तिला ते खांद्यापर्यंत कापून हवे होते. काका नेहमीचं वाक्य बोलले, "आधी वाळू दे, बाळ. ओल्या केसाचं माप खोटं. वाळले की वर चढतात, मग रडशील."

शेजारच्या खुर्चीपाशी लेकीचा हात थांबला. "बाबा, मग तुमच्या पायाचं माप बसून कसं दिलंत? उभे राहता दिवसभर, आणि माप आरामातल्या पायाचं?"

काकांनी बूट काढला. स्टुलावर बसून पाय पाहिला, उभे राहून पाहिला. बसल्यावर दिसणारी कमान उभं राहताच गायब, आणि पाय पसरून अर्धं बोट लांब. ते तसेच एका पायात बूट घालून शेजारी गेले. काय बोलणं झालं ते मला खणात ऐकू आलं नाही. पण थोड्याच वेळात खण उघडला आणि दोस्त म्हणाला, "चूक माझी. तुला मान द्यायला गेलो आणि पाय बघायचा राहिला."

त्या संध्याकाळी, पाय पुरता थकल्यावर, काकांना जमिनीवर उभं करून माप घेतलं. मग माझ्यावर कानस फिरली. नाक घासलं जाणं म्हणजे काय, ते मी अंगावर सोसलंय. उंचवटा खाली आला, टाचेची आतली कड बुचाचा तुकडा लावून वर आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवशी दोनच तास, मग तीन, मग चार असं करत काकांनी मला सवयीचं केलं. आता त्यांचा भार माझ्यावर नीट टेकायचा. मी त्यांना धरायचे, ते मला धरायचे. रोज थोडं कमी दुखायचं.

लेकीने दिलेल्या महिन्याचा शेवटचा दिवस सुट्टीचा, म्हणजे दुकानात मुंगीला शिरायला जागा नाही. काका सकाळपासून उभे. मास्तरही आले आणि निर्धास्तपणे मान पुढे करून बसले.  दुपार झाली. संध्याकाळ झाली. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर लेकीने हळूच विचारलं, "पाय?"

काका केस झाडत होते. "कुठला?" ते म्हणाले.

लेक हसत सुटली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. खुर्चीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे दोन वर्षं मी काकांना उभं ठेवलं. मग मीच दबले. उंचवटा सपाट झाला, घोटा पुन्हा कुरकुरू लागला. काका काही मला सोडेनात. "सवयीची आहे गं," म्हणायचे. शेवटी लेकीनेच नवी जोडी करून आणली आणि आम्हाला आरशाखालच्या फळीवर ठेवलं.

म्हणून सांगते मित्रांनो, दुखणं अंगावर काढू नका, आणि दुखतं एकीकडे म्हणून तिथेच चोळत बसू नका. पायाला आधार द्या. तो आधार दबला की मात्र माया करू नका. मला काढलं याचं मला वाईट वाटत नाही. काकांचे पाय मला पाठ होते, पण त्यांना काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आता रोज पाहते. ते खुर्चीभोवती फिरतात, एका बाजूचे केस बघायला टाचा उचलतात, आणि त्यांचं लक्ष पायाकडे अजिबात नसतं.