तेल काही खाणं नव्हे

सफाक्स शहरात ऑलिव्हच्या तेलाला कोणी खाणं म्हणत नाही. खाणं म्हणजे कुसकुस, मासा, भाकरी. तेल त्याच्या आधीचं. हाज मुख्तारचा ऑलिव्हचा घाणा बापजाद्यांपासूनचा, आणि लग्न झाल्यापासून सालहा रोज सकाळी कॉफीच्या रिकाम्या कपात दोन घोट तेल ओतून त्याच्या हातात देत आली होती. त्याने ते स्वतः ओतून घेतल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. तेलाची बाटली कुठे असते हे तरी त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्याच हाजच्या अंगातलं रक्त वर्षभर कुठेतरी आत गळत होतं. वरून दुर्बीण घातली, खालून घातली, काही सापडलं नाही. उरलं मधलं लहान आतडं. साधी दुर्बीण तिथवर पोहोचत नाही, म्हणून कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची. ती गळकी जागा सापडली नाही तर नवरा हातचा जाईल, ही धास्ती सालहाच्या मनात कायमची बसली होती. आतडं लख्ख हवं, असं डॉक्टर नस्रीनने बजावलं होतं.

मग सालहाने घर ताब्यात घेतलं. आदल्या दिवशी नुसतं पाणी आणि गाळलेला रस्सा. शेजारीण कुसकुसचं ताट घेऊन आली, तिला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. त्या गल्लीत याहून मोठा अपमान नाही. संध्याकाळी जुलाबाच्या पावडरीचं खारट पाणी, एक मोठा जग भरून.

"गाढवालाही पाजू नये असलं," हाज म्हणाला.

"गाढव मुकाट्यानं पितं. प्या तुम्ही."

त्याच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. सकाळी त्याचा पिळून काढल्यासारखा चेहरा पाहून तिला भरून आलं, आणि तिने रोजच्यासारखा कप त्याच्या हातात दिला.

"रात्रीनंतर पोटात काही गेलं?" दवाखान्यात नस्रीनने विचारलं.

"चिमणीच्या चोचीएवढंही नाही," हाज म्हणाला. सालहाने मान डोलावली. दोघंही अगदी मनापासून खरं बोलत होती.

कॅप्सूल घेण्याआधी हाजने मिशा पुसल्या. रुमालावर पिवळा डाग उमटला. नस्रीनही सफाक्सचीच, तिला वासावरूनच कळलं.

"काका, हे काय?"

"तेल आहे. मग?"

"कॅमेऱ्यावर तेलाचा थर बसला तर मला नुसतं धुकं दिसेल. आज नाही होणार. रात्री पुन्हा ते पाणी प्या आणि उद्या या." तिने कॅप्सूल डबीत परत ठेवली. "कोणी दिलं तुम्हाला?"

आता सालहाच्या ध्यानात आलं. शेजारणीला तोडलं, घरात चिटपाखरू फिरकू दिलं नाही, आणि घात केला तो आपल्याच हातानं.

"मीच घेतलं ओतून," हाज म्हणाला. "ही झोपली होती."

एवढ्या संसारात सालहासाठी तो पहिल्यांदा खोटं बोलला ते आज, आणि तेही हजला जाऊन आल्यावर.

संध्याकाळी त्याने तो जग रिकामा केला. या वेळी गाढवाचं नावही काढलं नाही. सकाळी सालहाने तेलाची बाटली शेजारणीकडे ठेवायला दिली, त्या निमित्ताने माफीही मागून झाली, आणि हाजने कॅप्सूल गिळली.

जागा सापडली. एक बारीकशी रक्तवाहिनी, आतड्याच्या पार मध्यावर. लांब दुर्बिणीने तिथवर जाऊन ती जाळून बंद केली. नस्रीनने पडद्यावर ते दाखवलं तेव्हा सालहा रडली, लपवलंही नाही.

घरी परतल्यावर एका सकाळी तिला स्वयंपाकघरात खडखडाट ऐकू आला. हाज कपाटं उघडून शेजारणीकडून परत आलेली बाटली शोधत होता. शेवटी सापडली. अर्धं तेल कपात गेलं, अर्धं फरशीवर.

"अहो, मी मेले होते का? हाक मारायची."

"तू झोप," हाज बाटलीचं बूच लावत म्हणाला. "डॉक्टरीणबाईंशी खोटं बोललो होतो. ते खरं करतोय."