पूर्वेकडे तोंड केलेली पवनचक्की

रविवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी होल्त्सर पवनचक्कीची चारपैकी दोन पाती तुटून गवतावर पडली. तिचा फिरता लाकडी माथा, तो ज्या गोल कड्यावर फिरतो त्यावरून, उचलला गेला आणि तिरका होऊन अडकला. कोणालाही इजा झाली नाही. पात्यांना बांधलेली झेंडूची तोरणं शाबूत होती.

शिकागोच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांच्या कडेला ही चक्की १८७४ साली एका जर्मन सुताराने बांधली. पन्नास वर्षं तिने पीठ दिलं, पुढे कबुतरांना घर. मूळच्या नागपूरच्या निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर रत्ना देवपुजारी यांनी सहा वर्षं खपून ती पुन्हा दळती केली. चाकांचे लाकडी दाते स्वतः तासले. संरक्षित वास्तूचा दर्जा मिळावा म्हणून राज्याकडे अर्जही त्यांनीच केला. तपासणी येत्या गुरुवारी आहे. दर्जा मिळाला नाही, तर जागेचा मालक चक्की पाडून गोदाम बांधणार आहे.

मराठी मंडळाला चक्कीची आठवण खंडेनवमीला झाली. यंत्रपूजा करायची तर दीडशे वर्षांच्या यंत्राची करू, ही कल्पना अध्यक्ष गुरुदत्त सबनीस यांची. ते सॉफ्टवेअर कंपनीत व्यवस्थापक आहेत. त्यांच्या हातात पाना कोणी पाहिलेला नाही. खंडेनवमी बुधवारी होती. ती शनिवारावर ढकलायला कोणाची हरकत नव्हती, कारण बुधवारी मीटिंगा असतात. दिशा मात्र शास्त्राप्रमाणेच हवी होती. चक्कीचं तोंड पूर्वेला करा, असा निरोप आला.

इथला वारा बहुतेक पश्चिमेचा. चक्कीचं तोंड, म्हणजे पात्यांची बाजू, नेहमी वाऱ्याकडे ठेवतात. वारा पाठीमागून आला, तर तो माथा उचलून पुढे लोटतो. रत्नाताईंनी हे बैठकीत दोनदा सांगितलं.

"ताई, तासाभराचा तर प्रश्न आहे," गुरुदत्त म्हणाले. "ड्रोनचा शॉट झाला की आम्हीच रोटेट करून देतो. आणि गुरुवारी तुम्हाला कम्युनिटी सपोर्ट दाखवायचाय ना?"

दाखवायचा होता. मंडळ दोनशे सह्यांचं पत्र देणार होतं. त्या हो म्हणाल्या.

पूजा छान झाली. साड्या, फेटे, ड्रोन, श्रीखंड-पुरी. माथा फिरवायला दोन माणसांना चाळीस मिनिटं हातचाक ओढावं लागतं. जेवणानंतर रत्नाताईंनी माणसं मागितली, तेव्हा एकाची पाठ धरली होती, दुसऱ्याच्या मुलीचा भरतनाट्यमचा क्लास होता. हिला ऑटोपायलट नाही का, असं तिसऱ्याने विचारलं आणि सगळे हसले. त्यांनी एकटीने अकरा फेरे ओढले. मग खांदा उचलेना. गुरुदत्तनी चक्कीची किल्ली मागून घेतली आणि सकाळी टीम पाठवतो म्हणाले. त्याच रात्री सेक्रेटरी आश्लेषा यांनी मंडळाच्या ग्रुपवर स्वयंसेवकांची यादी टाकली. तिच्यावर चौदा अंगठे आले. सकाळी कोणीही आलं नाही. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला.

सोमवारी राज्याच्या कार्यालयाने नुकसानीचं कारण लेखी मागवलं. मुदत बुधवारी पाचपर्यंत. गुरुदत्तचा फोन लगेच आला.

"ताई, सडन स्टॉर्म लिहा. टेक्निकली खोटं नाही."

"वारा ताशी चौतीस मैलांचा होता, गुरुदत्त. या चक्कीने साठचा सोसलाय. समोरून."

पूजेचा उल्लेख झाला, तर मंडळाला सह्यांचं पत्र देणं अवघड जाईल, असं गुरुदत्तनी सुचवलं. शिवाय चक्की फिरवायची परवानगी रत्नाताईंच्याच सहीची आहे, याचीही आठवण करून दिली. सही त्यांचीच आहे. खरं लिहिलं तर हलगर्जी त्यांच्या नावावर लागेल, आणि अर्ज तिथेच संपू शकतो.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत मंडळाचा व्हिडिओ नऊ हजार लोकांनी पाहिला होता. त्यात मंडळाचा भगवा झेंडा स्पष्टपणे पूर्वेकडे फडफडतो आहे, म्हणजे वारा तेव्हाही चक्कीच्या पाठीमागूनच होता. फॉर्ममधला कारणाचा रकाना कोरा आहे. बुधवारी दुपारी पश्चिमेकडून चाळीस मैलांच्या वाऱ्याचा अंदाज आहे. माथा अजून पूर्वेलाच अडकलेला आहे.